सोनेरी काठाची कार्डे

सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडे अधिक लांब असा जाड कागदाचा एक तुकडा. मधोमध बेसबॉल खेळणाऱ्या अमेरिकन खेळाडूचे रंगीत चित्र. मागील बाजूस त्याच्या खेळाची थोडक्यात माहिती. तिच्याखाली एका सिगारेटचे नाव. आणि चित्राच्या चारही बाजूंनी सोनेरी काठ. १९११ साली अमेरिकेत निघालेल्या या कार्डांना संग्राहक आजही ‘सोनेरी काठाची कार्डे’ म्हणूनच ओळखतात. त्या काळी ती विकत घ्यावी लागत नसत. सिगारेटचे पाकीट घेणाऱ्याला ती आपसूक मिळत. आज त्यांतील नामवंत खेळाडूंच्या एकेका कार्डासाठी हजारो डॉलर मोजले जातात.

कागदाच्या एवढ्याशा तुकड्याला हा भाव कोणी दिला, आणि त्यावरील सोनेरी रंगाचे त्यात काम काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. परंतु या छंदाचा सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास चाळला असता, वस्तूचे मोल कसे ठरते, ते कोण ठरवते आणि मुलांच्या निरागस आनंदाचा व्यापार कसा होतो, याचा एक बोधप्रद पट उलगडत जातो. ज्या घरांत लहान मुले आहेत त्या घरांनी तो जाणून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

तंबाखूच्या कारखान्यातील जन्म

खेळाडूंच्या या चित्रांचा जन्म क्रीडांगणावर नव्हे, तर तंबाखूच्या कारखान्यात झाला. पूर्वी सिगारेटी हातांनी वळल्या जात. १८८१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील जेम्स बोन्सॅक या तरुणाने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. दिवसाकाठी सुमारे एक लाख वीस हजार सिगारेटी वळण्याची या यंत्राची ताकद होती. माल असा भरमसाट निघू लागल्यावर गिऱ्हाइके कोठून आणावयाची, हा प्रश्न कारखानदारांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर पाकिटातच दडलेले होते. तेव्हाची पाकिटे पातळ कागदाची असत; खिशात ती चेपत आणि आतील सिगारेटी मोडत. म्हणून पाकिटाला ताठपणा यावा यासाठी आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवीत. या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले, आणि पन्नास चित्रांची एक मालिका केली, तर एक चित्र मिळालेला मनुष्य उरलेल्या एकोणपन्नासांसाठी पुन्हा दुकानात येईल, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. रिचमंड येथील ‘ॲलन अँड जिंटर’ या कंपनीने १८८७ मध्ये जगज्जेत्यांची पन्नास चित्रांची मालिका काढली. तीत दहा बेसबॉलपटू होते. त्यांच्या जोडीला मुष्टियोद्धे, मल्ल, नौकाशर्यतींतील वल्हेकरी आणि नेमबाज. प्रसिद्ध नेमबाज ॲनी ओकली ही स्त्रीही त्यांत होती. न्यूयॉर्कच्या ‘गुडविन’ कंपनीने तर आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर १८८६ ते १८९० या काळात पाचशेहून अधिक बेसबॉलपटूंची छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून वाटली.

ही कल्पना अटलांटिक ओलांडून इंग्लंडलाही पोहोचली. तेथे बेसबॉलची जागा क्रिकेटने घेतली. १८९६ मध्ये ‘विल्स’ कंपनीने क्रिकेटपटूंची मालिका काढली, आणि पुढील काळात आपले रणजितसिंहजीही इंग्रजी सिगारेटींच्या पाकिटांतून घरोघरी गेले.

ओढे वडिलांनी, आणि चित्रासाठी हात पुढे करी तो मुलाने, अशी ही व्यवस्था होती. तंबाखूच्या दुकानांबाहेर मुले घोळका करून उभी राहत आणि बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चित्र मागत. बापाच्या व्यसनाला मुलाच्या हौसेची अशी जोड मिळाली, की वसुली दोन्हींकडून होते.

१८९० मध्ये मात्र अमेरिकेतील पाच मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि जेम्स ड्यूक यांच्या नेतृत्वाखाली ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ स्थापन झाली. स्पर्धा संपली, तशी चित्रांची गरजही संपली. ज्याला प्रतिस्पर्धीच नाही, त्याने गिऱ्हाइकाला चित्र का द्यावे? काही वर्षांतच कार्डे जवळजवळ नाहीशी झाली. कंपनीचे त्या मुलांवर प्रेम होते की नव्हते, याचे उत्तर या एका घटनेतून मिळते.

१९११ चा सोनेरी काठ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर कार्डे परतली. १९०९ ते १९११ या काळात निघालेली पांढऱ्या काठाची मालिका सर्वांत गाजली, आणि तिच्या पाठोपाठ १९११ मध्ये सोनेरी काठाची मालिका आली. तीत दोनशेहून थोडी अधिक कार्डे होती. टाय कॉब, साय यंग, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन असे त्या काळचे बिनीचे खेळाडू तीत होते. दोन प्रमुख साखळ्यांतील खेळाडूंसाठी दोन वेगळ्या मांडण्या केलेल्या होत्या. एकीत बेसबॉलच्या चौकोनी मैदानाचे वेल्हाळ नक्षीकाम, तर दुसरीत खेळाडूचा मुखवटा आणि त्याच्या स्वाक्षरीची प्रतिकृती. दुय्यम साखळीतील मोजक्या खेळाडूंसाठी तिसरीच नक्षीदार चौकट होती. मागील बाजूस वेगवेगळ्या सिगारेटींची नावे असत. त्यांत ‘हिंदू’ नावाचीही एक सिगारेट होती, हे वाचून आपल्या वाचकांना नवल वाटेल.

या कार्डांचे सारे वैभव त्यांच्या काठात होते, आणि सारी दुर्बलताही तेथेच होती. त्या काठात अर्थातच खरे सोने नव्हते. मुलांच्या बोटांचा घाम, खिशातील घर्षण, दुसऱ्या कार्डांशी होणारी ओढाताण यांनी सोनेरी थराचे कपचे निघत आणि खालचा पांढरा कागद डोकावू लागे. पांढऱ्या काठावरील झीज नजरेत भरत नाही. सोनेरी काठावर मात्र सुईच्या टोकाएवढा डागही लपत नाही. म्हणूनच ही कार्डे आज सुस्थितीत मिळणे फार दुर्मिळ झाले आहे. आपल्याकडे जुन्या जरीच्या लुगड्याचे कापड विरून गेले, तरी काठातील खरी जर मोडीत विकता येत असे. येथे नेमके उलटे घडले. कापड टिकले आणि जर आधी गेली.

ज्या वर्षी ही सोनेरी मालिका निघाली, त्याच वर्षाच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ मक्तेदारीच्या कायद्याखाली दोषी ठरवून ती मोडण्याचा आदेश दिला. चित्रांना सोन्याचा काठ चढत असताना ती चित्रे वाटणाऱ्या साम्राज्याची शकले होऊ लागली होती.

या सोनेरी मालिकेत एका मोठ्या खेळाडूचे चित्र नाही. पिट्सबर्गचे होनस वॅग्नर. आधीच्या पांढऱ्या काठाच्या मालिकेत त्यांचे कार्ड छापले गेले होते, पण लवकरच छपाई थांबली. १९१२ मध्ये अमेरिकेतील एका क्रीडा साप्ताहिकात वृत्त आले की, वॅग्नर यांची संमती मिळवून देण्याबद्दल एका पत्रकाराला कंपनीकडून दहा डॉलर मिळावयाचे होते. आपले चित्र सिगारेटीबरोबर जावे हे वॅग्नर यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि पत्रकाराचे नुकसान होऊ नये म्हणून दहा डॉलरचा धनादेश स्वतःच त्याला पाठवला. मुलांनी चित्रासाठी तंबाखू घेऊ नये ही त्यांची इच्छा होती, असे एक मत. त्यांना योग्य मोबदला हवा होता, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत, हेही इतिहासाला ठाऊक आहे. हेतू काहीही असो, त्यांच्या नकारामुळे ते कार्ड दुर्मिळ झाले; आज त्याच्या साठाच्या आसपासच प्रती ज्ञात आहेत. आपले चित्र विकू न देणाऱ्या मनुष्याचेच चित्र पुढे सर्वांत महाग विकले जावे, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

च्युइंगमचे युग

पहिल्या महायुद्धानंतर चित्रे तंबाखूकडून मिठाईकडे वळली. १९२८ मध्ये फिलाडेल्फियात बबलगमचा शोध लागला, आणि आता गिऱ्हाईक थेट मूलच झाले. १९३३ मध्ये बोस्टनच्या ‘गाउडी’ कंपनीने एक सेंटच्या गमबरोबर २४० क्रमांकांची बेसबॉल मालिका काढली. मुले गम चघळीत आणि क्रमांक जुळवीत राहिली. परंतु १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना. मिळणार कसे? ते छापलेच नव्हते. त्या रिकाम्या क्रमांकाच्या शोधात देशभरातील मुले पाकिटामागून पाकीट फोडीत होती. अखेर तक्रारींची पत्रे गेल्यावर पुढील वर्षी कंपनीने नेपोलियन लाजवे यांचे चित्र १०६ क्रमांकाने छापले आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवले. संग्रहातील एक रिकामी जागा मुलाला किती पळवते, हे व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनमधील ‘टॉप्स’ कंपनी पुढे आली. १९५२ मध्ये साय बर्जर या कर्मचाऱ्याने आखलेली तिची ४०७ कार्डांची मालिका आधुनिक कार्डांची आई मानली जाते. तिचा उत्तरार्ध हंगाम संपता संपता बाजारात आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये गोदाम रिकामे करण्यासाठी बर्जर यांनी न विकलेली खोकी एका तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली. त्याच मालिकेतील मिकी मँटल यांचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. एके काळी जे फुकट देऊनही खपत नव्हते, त्याला हा भाव आला. आणि त्यात कागदाचा गुण तसूभरही वाढलेला नव्हता.

दुखऱ्या हातांचे दान

या साऱ्या व्यवहारात एक मनुष्य वेगळा उठून दिसतो. जेफरसन बर्डिक. १९०० मध्ये जन्मलेले, न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज या शहरी विजेचे साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारे, अविवाहित, अबोल गृहस्थ. ऐन उमेदीत त्यांना संधिवाताने गाठले. त्यांचे बेसबॉलवर विशेष प्रेम होते असेही नाही. सामान्य माणसाच्या हातून फेकला जाणारा छापील कागद हीच उद्याच्या इतिहासाची सामग्री आहे, ही त्यांची श्रद्धा होती. चित्रकार्डे, जाहिरातींची कार्डे, शुभेच्छापत्रे, सिगारांवरील पट्ट्या, सारे त्यांनी जमवले.

जमवणारे पुष्कळ असतात. बर्डिक यांनी त्यात व्यवस्था आणली. १९३९ मध्ये त्यांनी आपली सूची प्रसिद्ध केली. तीत एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना एक अक्षर, विसाव्या शतकातील कार्डांना दुसरे, आणि प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. सोनेरी काठाच्या मालिकेला ‘टी-२०५’ हा क्रमांक त्यांनीच दिला. आज जगातील कोणीही संग्राहक ती मालिका याच नावाने मागतो; पण नाव देणाऱ्याची आठवण फार थोड्यांना असते.

१९४७ पासून त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक वस्तू. त्यांत बेसबॉलची कार्डेच तीस हजारांहून अधिक. परंतु संग्रहालयाच्या दारात खोकी ठेवून ते घरी परतले नाहीत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते संग्रहालयातील एका मेजाशी बसत आणि आखडलेल्या बोटांनी एकेक कार्ड वहीच्या पानांवर क्रमाने चिकटवीत. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचे पान पुरे झाले. मार्चमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

आजच्या बाजाराच्या दृष्टीने त्यांनी केले ते महापाप म्हणावे लागेल. पाठीला खळ लागलेल्या कार्डाची किंमत कोसळते. बर्डिक यांनी वहीत चिकटवलेल्या कार्डांत वॅग्नर यांचे ते प्रसिद्ध कार्डही आहे. पण ती खळ लागली त्या क्षणी ते कार्ड कायमचे बाजाराबाहेर गेले आणि सर्वांचे झाले. कोणाही अभ्यासकाने जावे आणि पाहावे.

सोन्याचे नवे रूप

बर्डिक गेल्यानंतर तीस वर्षांत छंदाचे रूप पालटले. १९८० च्या दशकात जुन्या कार्डांचे भाव वाढले, तेव्हा नवी कार्डेही पुढे सोने होतील या आशेने लोक खोकीच्या खोकी घेऊन ठेवू लागले. कंपन्यांनी मागणी तसा पुरवठा केला. परिणाम असा झाला की, त्या वर्षांतील बहुतेक कार्डे आज रद्दीच्या भावाचीही उरली नाहीत. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होत नसते.

मग दुर्मिळता कारखान्यातच घडवावी लागली. १९९२ मध्ये ‘टॉप्स’ने आपल्या बेसबॉल पाकिटांतून गम काढून टाकला, मिठाईचे निमित्तही आता नको झाले. त्याच वर्षी तिने ‘टॉप्स गोल्ड’ ही कार्डे आणली. चित्र तेच, खेळाडू तोच; फक्त नाव सोनेरी बेगडीत छापलेले, आणि संख्या कमी. ही सोनेरी कार्डे मिळवण्याचा आणखी एक मार्ग होता. पाकिटात खरवडून पाहावयाची एक चिठ्ठी येई; आकडे जुळले तर ती टपालाने पाठवून सोनेरी कार्डे मागवता येत. लवकरच लोकांच्या लक्षात आले की, चिठ्ठी तेजस्वी दिव्यासमोर धरली की खालचे आकडे न खरवडताच दिसतात. मग काय विचारता! घरोघरी दिव्यासमोर चिठ्ठ्या धरल्या गेल्या आणि विजेत्यांचा महापूर लोटला. बक्षिसाच्या कार्डांवर ‘विनर’ असा शब्द छापलेला असे. आज ती इतकी मुबलक आहेत की त्यांना साध्या सोनेरी कार्डांचाही भाव नाही. खेळात सर्वांनीच दिव्याकडे धाव घेतली, तेव्हा सोन्याचे पितळ झाले.

त्यानंतर कंपन्यांनी मोजूनच सोने छापावयास घेतले. २००१ मध्ये ‘टॉप्स’ने प्रत्येक सोनेरी कार्डाच्या २००१ प्रती काढून त्यांवर अनुक्रमांक घातले. पुढे चकाकणाऱ्या मुलाम्याची अशी कार्डे आली की ज्यांच्या केवळ पन्नास प्रती निघत; आणि अखेर सोनेरी भोवऱ्यांच्या पृष्ठभागाचे, जगात एकमेव असे कार्ड आले. माइक ट्राउट या खेळाडूचे २००९ सालचे असे एकमेव, स्वाक्षरी केलेले कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरना विकले गेले. त्या कार्डाच्या वर्षी हा खेळाडू जेमतेम अठरा वर्षांचा होता आणि मुख्य साखळीत एकही सामना खेळलेला नव्हता. १९११ च्या कार्डावर सोने होते ते झालेल्या पराक्रमाभोवती. येथे ते व्हावयाच्या पराक्रमावर आगाऊ चढवलेले होते.

जेथे किंमत काठावर ठरते तेथे काठाशी लबाडी होणार, हेही ओघानेच आले. वॅग्नर यांचे सर्वांत सुस्थितीतील म्हणून गाजलेले कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की यांनी एका भागीदारासह ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतले. त्याच सुमारास कार्डांची प्रतवारी करण्यासाठी ‘पीएसए’ ही संस्था निघाली, आणि तिने प्रमाणित केलेले पहिले कार्ड हेच होते. २००७ मध्ये त्याचा भाव २८ लाख डॉलरवर गेला. पुढे २०१३ मध्ये लिलाव करणारे बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की, त्या कार्डाच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या. वर्षानुवर्षे ज्या तीक्ष्ण, कोऱ्या कडांचे जाणकार कौतुक करीत होते, त्या सुरीने घडवलेल्या होत्या.

कस कोठे लावावा

आमच्या पिढीने काडेपेट्यांचे छाप जमवले; ऐंशीच्या दशकात बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवणारी मुलेही आम्ही पाहिली. संग्रह ही मोठी शाळा आहे. क्रम लावणे, वाट पाहणे, जपून ठेवणे, आपल्याजवळ दोन असतील तर एक मित्राला देणे, हे गुण मूल तेथे शिकते. ही शाळा बंद व्हावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

परंतु बंद पाकीट फोडून आत सोनेरी कार्ड निघते का, हे धडधडत्या छातीने पाहणारे मूल नकळत दुसरीही एक विद्या शिकत असते. ती सोडतीच्या तिकिटाची असते. मूल चित्रातील खेळाडूला विसरले आणि काठाचा रंगच तेवढा पाहू लागले, तर संग्रह संपून जुगार सुरू झाला असे समजावे. हा फरक दुकानदार सांगणार नाही. तो घरच्यांनीच, मुलाजवळ बसून, त्याची कार्डे एकेक पाहत, सांगावयाचा असतो. हा खेळाडू कोण, तो कसा खेळला, त्याने काय सोसले, हे ज्या मुलाला सांगता येते त्याच्या हातातील दोन पैशांचे कार्डही बावनकशी असते.

दसऱ्याला आपले शेजारी आपट्याचे पान सोने म्हणून आपल्या हाती ठेवतात. ते पान बाजारात कोणी विकत घेणार नाही. तरीही ते हाती घेताना आपण हसतो आणि देणाऱ्याच्या गळ्यात पडतो. त्या पानाचे सोने होते ते देण्यातून. शंभराहून अधिक वर्षे कागदाच्या तुकड्यांना सोनेरी काठ लावणारे पुष्कळ झाले, आणि त्या काठाचे कपचे उडत राहिले. संधिवाताने वाकलेल्या बोटांनी बर्डिक यांनी चिकटवलेली पाने मात्र न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयात आजही जागच्या जागी आहेत.